टिलमनला कॅन्टनमध्ये जागा द्यायची का?

मंडळी, अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या पॅट टिलमनला अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कॅन्टन गावातल्या दिग्गज खेळाडूंच्या मानाच्या यादीत घ्यावं का, या विषयावर "नको" म्हणणारा माणूस लगेच व्हिलन ठरतो, कारण समोर देशासाठी जीव दिलेला खेळाडू असतो. तरी मी आज "नको"च म्हणणार आहे, आधीच सांगून टाकतो.

पॅट टिलमन. हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल, त्यातल्या ॲरिझोना कार्डिनल्सचा डिफेन्समधला खेळाडू. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू एकेक करून निवडतात त्यात, नंबर २२६ वा, म्हणजे जवळजवळ उरलासुरला, आणि तरी २००० च्या सीझनमध्ये पठ्ठ्याने टॅकल्सचा, म्हणजे बॉलवाल्याला पाडण्याचा, टीम रेकॉर्ड केला. मग ११ सप्टेंबर झालं, आणि मे २००२ मध्ये तीन वर्षांचं ३६ लाख डॉलरचं काँट्रॅक्ट समोर असताना ते सोडून हा भावाबरोबर आर्मीत गेला, रेंजर या खास तुकडीत सैनिक झाला, आणि का गेलो यावर मीडियाशी एक शब्द बोलला नाही. २२ एप्रिल २००४ ला अफगाणिस्तानात खोस्त प्रांतात मारला गेला. आर्मीने सांगितलं शत्रूच्या गोळीने, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं, शोकसभा देशभर टीव्हीवर दाखवली, आणि महिन्याभराने बाहेर आलं की गोळ्या आपल्याच लोकांच्या होत्या. घरच्यांनी खरं काय ते कळावं म्हणून वर्षानुवर्षं पाठ सोडली नाही, २००७ ला अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली, तिथे भाऊ केविन बोलला, जो त्याच प्लॅटूनमध्ये होता.

आता मागणी अशी की ओहायोतल्या कॅन्टनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घ्या. तिथे मत देणाऱ्यांना सांगितलेलं असतं की मैदानावर काय केलं तेवढंच बघायचं. लोक म्हणतात अरे तो चारच सीझन खेळला, मॅचेस मिळाल्या असत्या तर... पण मॅचेसचा प्रश्नच नाहीये. शिकागो बेअर्सचा गेल सेयर्स फक्त ६८ मॅचेस खेळून कॅन्टनमध्ये आहे, टिलमनच्या ६० आहेत, फार फरक नाही. फरक हा की सेयर्स त्या काळातला बॉल घेऊन पळणारा सगळ्यात भारी खेळाडू होता आणि टिलमन एकदाही प्रो बोलला, म्हणजे सीझनच्या बेस्ट खेळाडूंच्या मॅचला, निवडला गेला नाही. चांगला होता, खूप चांगला, पण कॅन्टनवाला नव्हता.

बरं, बलिदानावरच घ्यायचं म्हटलं तर बॉब कालसूचं काय? बफेलो बिल्सचा, १९६८ मध्ये टीमचा बेस्ट रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, जुलै १९७० ला व्हिएतनाममध्ये मारला गेला, दोन दिवसांनी त्याला मुलगा झाला. जायंट्स टीमचा जॅक लमस दुसऱ्या महायुद्धात इवो जिमाच्या लढाईत मारला गेला, त्याला तर मेडल ऑफ ऑनर आहे, त्याच्या वर अमेरिकेत लष्करी सन्मानच नाही. त्यांच्यासाठी एवढा आवाज कोण करतं? म्हणजे आपण बलिदान नाही मोजत, टीव्हीवर कोण जास्त दिसला ते मोजतोय, आणि हे मला जास्त खटकतं. शिवाय २०१५ मध्ये मॅक्केन आणि फ्लेक या दोन सिनेटरांनी रिपोर्ट काढला की स्टेडियममध्ये सैनिकांना जे सलाम व्हायचे त्यातल्या कित्येकांचे पैसे पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, टीम्सना मोजले होते. ज्या घराने आपल्या पोराची जाहिरात होऊ नये म्हणून एवढं भोगलं, त्याच्यावर आणखी एक सोहळा कशाला?

आता कोणी म्हणेल, आइस हॉकीवाल्यांनी त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये असे सैनिक घेतलेच ना! घेतले. १९४५ च्या पहिल्याच यादीत फ्रँक मगी आहे, पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत १९१६ ला मारला गेला, आणि होबी बेकर आहे, ते युद्ध संपल्यावर चाळीसेक दिवसांनी विमान कोसळून गेला. १९४५ ला दुसरं महायुद्ध नुकतं संपत होतं, तेव्हा भावनेचा हात नसेलच असं मी म्हणणार नाही. पण मगीने १९०५ ला स्टॅनले कपच्या एका मॅचमध्ये १४ गोल मारलेत हो. चौदा! त्याला युद्धाच्या शिफारशीची गरज नव्हती.

एक सवलत मात्र मी देईन. बेसबॉलच्या टेड विल्यम्सची जवळजवळ पाच सीझन दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात गेली, कोरियात ३९ कॉम्बॅट मिशन्स उडवली, तरी ५२१ होमरन. अशा माणसाचे आकडे बघताना ती वर्षं रिकामी धरा, त्याची कमतरता म्हणून धरू नका. एवढं बास.

आपल्याकडचं बघा. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला गोल्ड, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री २०१८ ला, अर्जुन अवॉर्ड तर जानेवारी २०२५ मध्ये हातात पडलं! या माणसाला सैनिक म्हणून कोणी नाकारत नव्हतं, पोहणारा म्हणून त्यांची दखल घ्यायला आपल्याला अर्धं शतक लागलं, आणि मला वाटतं भांडायचंच तर यासाठी भांडा.

चला, प्रश्न घेऊया. फक्त "तुम्ही देशप्रेमी नाही का" हा सोडून काहीही विचारा.