आमदाराच्या एका मताची किंमत १७५

[दृश्य: विमानतळ. मोहोरबंद पेटी घेऊन जिना चढणारा अधिकारी.]

जुलै २०२२, राष्ट्रपतिपदाची निवडणूक. दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांकडे निघालेल्या विमानांत एक वेगळाच प्रवासी होता. तिकीट रीतसर काढलेलं, त्यावर नाव ‘मिस्टर बॅलट बॉक्स’. ही मतपेटी सामानात टाकायची नाही, पुढच्या रांगेत अधिकाऱ्याच्या नजरेसमोर सीटवर बसवायची, अशी निवडणूक आयोगाची ताकीद. मतदान झालं की तशीच सीटवर बसून ती दिल्लीला परत.

गल्लीतल्या मतदान केंद्रावरही आज ईव्हीएम असतं, मग देशाच्या सर्वोच्च पदासाठी अजून कागद का? कारण ईव्हीएम बेरीज करतं. इथे बेरीज पुरत नाही, इथे पसंतीक्रम लागतो.

[दृश्य: मुंबईचं विधान भवन.]

मतदार कोण, ते आधी पाहू. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदारही त्यात येतात. राष्ट्रपतींनी नेमलेले खासदार नाहीत, विधान परिषदेचे आमदार नाहीत. त्यामुळे गंमत होते. २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला, पण ते विधानसभेवर नव्हते. पक्षाचा पाठिंबा त्यांनी दिला, मत मात्र त्यांना नव्हतं.

आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते, खासदाराला हिरवी. पेन आयोगाचं, जांभळ्या शाईचं. स्वतःच्या खिशातलं पेन वापरलं तर मत बाद. उमेदवाराच्या नावासमोर १ लिहायचा, हवं तर दुसऱ्यासमोर २. आकडा मराठीत लिहिला तरी चालतो, अक्षरात ‘एक’ लिहिलं तर नाही.

आता किंमत. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागा, पुन्हा हजाराने भागा. उत्तर १७५. म्हणजे आपल्या एका आमदाराच्या गुलाबी कागदाचं वजन १७५ मतं. गोव्याच्या आमदाराचं २०. उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. सगळ्या राज्यांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २०१७ मध्ये ते ७०८ होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, म्हणून ७०० झालं.

[दृश्य: जुनी वर्तमानपत्रं, १९६९.]

हा हिशोब आधीपासून हातात असतो. कोणत्या पक्षाचे किती आमदार, किती खासदार, हे शाळकरी पोरही मोजेल. म्हणून ही निवडणूक बहुतेक वेळा मतदानाच्या दिवशी नीरस असते. निकाल आधीच ठाऊक असतो. अपवाद एकच, आणि तो असा की अख्खी काँग्रेस त्यात दुभंगली.

३ मे १९६९. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. जुलैमध्ये बंगळुरूला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक बसली. पक्षातल्या जुन्या धुरिणांना, ज्यांना ‘सिंडिकेट’ म्हणत, नीलम संजीव रेड्डी हवे होते. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नको होते, कारण त्यांच्या मते हा माणूस राष्ट्रपती भवनात बसला की आपली खुर्ची डळमळणार. मंडळात मतं मोजली गेली आणि इंदिराजी हरल्या. रेड्डींच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाणही होते.

पुढचे काही दिवस दिल्लीत धुमाळी होती. मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण. दुसऱ्या दिवशी हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला, अपक्ष म्हणून लढायला. ही सगळी धावपळ राष्ट्रपतिपदासाठीच होती असं नाही, पण बँकांच्या निर्णयामुळे इंदिराजींच्या मागे वारं आलं, हे मान्य करावंच लागेल.

रिंगणात १५ उमेदवार होते. तिसरं वजनदार नाव आपल्या ओळखीचं: चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं होतं. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले, निदान दुसरी पसंती तरी रेड्डींना द्या म्हणून. इंदिराजींना आयतंच कोलीत मिळालं. पक्षाचा अध्यक्षच विरोधकांशी संधान बांधतो, मग पक्षादेश कसला? व्हिप काढायला त्यांनी नकार दिला आणि खासदार-आमदारांना सांगितलं, अंतरात्म्याचा आवाज ऐका.

[दृश्य: मतमोजणीचं टेबल, मतपत्रिकांचे गठ्ठे.]

२० ऑगस्टला मोजणी झाली. जिंकायला ४,१८,१६९ मतं लागत होती, एकूण वैध मतांच्या अर्ध्याहून एक जास्त. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. कोणीच पोचलं नाही.

इथे ते २ कामाला आले. खालचे उमेदवार बाद करत जायचं, त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाची आहे ते पाहायचं आणि तिकडे मत वळवायचं. शेवटी देशमुखांचा गठ्ठा फुटला. त्यातली बहुतेक मतं ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेली. या साऱ्या फेऱ्यांत रेड्डींना जवळपास ९२ हजार मतं मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. पण गिरींना तेवढीच पुरली. अंतिम आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरल्याची ही एकमेव वेळ. नोव्हेंबरमध्ये इंदिराजींना पक्षातून काढलं गेलं. आणि रेड्डी? १९७७ मध्ये तेच बिनविरोध राष्ट्रपती झाले.

[दृश्य: जळगाव, रेल्वे स्थानक.]

१९६९ पुन्हा घडलं नाही, पण त्यातली फट कायम आहे. मतदान गुप्त असतं, आणि पक्षांतरबंदी कायदा इथे लागू होत नाही. पक्ष आमदाराला बांधून ठेवू शकत नाही. म्हणून शहाणा पक्ष असा उमेदवार शोधतो, ज्याला विरोध करणं समोरच्याला घरच्या मैदानावर जड जाईल. माझ्या मते या निवडणुकीतला खरा प्रचार एवढाच: नाव जाहीर करण्याचा तो एक दिवस.

२००७ मध्ये काँग्रेसने जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांचं नाव पुढे केलं. समोर उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, भाजप आघाडीच्या पाठिंब्यावर. शिवसेना त्याच आघाडीत होती. पण मराठी बाई राष्ट्रपती होत असताना बाळासाहेब ठाकरे विरोधात मत देणार होते थोडेच? सेना प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली आणि त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा निवडून आल्या. तसं राष्ट्रपतिपदाच्या बाबतीत सेनेने आघाडीधर्म फारसा मनावर घेतलाच नाही. १९९७ मध्ये ती के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन यांच्यामागे होती, २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींच्या.

२०२२ चा डाव त्याहून नेटका. भाजपने संथाळ समाजातल्या, ओडिशाच्या द्रौपदी मुर्मू यांचं नाव दिलं. ओडिशात बिजू जनता दल आपसूक आलं. झारखंडमध्ये काँग्रेससोबत सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चालाही आदिवासी उमेदवाराला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं, आणि तेही विरोधी उमेदवार यशवंत सिन्हा खुद्द हजारीबागचे असताना. महाराष्ट्रात सेना नुकतीच फुटलेली. दोन्ही गट एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, मत मात्र एकाच नावाला. मुर्मू ६,७६,८०३, सिन्हा ३,८०,१७७.

[दृश्य: नकाशा. राज्यांवर आकडे उमटतात.]

राहता राहिला १९७१ चा आकडा. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा नको, म्हणून आधी १९७६ च्या आणि मग २००१ च्या घटनादुरुस्तीने तो गोठवला. आज महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ आणि तमिळनाडूच्या आमदाराचं १७६, जवळजवळ सारखं. जागा तेवढ्याच ठेवून २०११ ची लोकसंख्या घातली तर महाराष्ट्र ३९० वर जातो, तमिळनाडू ३०८ वर थांबतो. केरळ २३९. उत्तर प्रदेश ४९६. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जुनंच वजन चालेल. त्यानंतर भागाकार नव्याने होईल, आणि चेन्नई-तिरुवनंतपुरममध्ये त्याची धास्ती आजच आहे.