परीया कॅन्यन: नियोजनाची सुरुवात पाण्यापासून

नमस्कार मंडळी!

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींसाठी आजचा व्हिडिओ आहे. ग्रँड कॅन्यन वरून बघून झालं, आता पाठीवर सॅक टाकून कॅन्यनच्या पोटात तीन-चार रात्री काढायच्या आहेत, असं मनात असेल तर माझं पहिलं नाव परीया कॅन्यन.

[नकाशा स्क्रीनवर]

हे बघा, इथे वर युटा राज्यात व्हाइट हाउस ट्रेलहेड, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो ती जागा. कनॅब आणि पेज या दोन गावांच्या मधे. आणि हे खाली ॲरिझोनातलं लीज फेरी, जिथे परीया नदी कोलोरॅडोला मिळते. मधलं अंतर 38 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर. वाट अशी वेगळी नाहीच, नदीचं पात्र हीच वाट. चार दिवस धरा. पाच मिळाले तर फारच छान.

आता, कुठलाही ट्रेक ठरवताना आपण आधी विचारतो की रोज किती चालायचं. इथे तो प्रश्न नंतरचा. आधी पाण्याचं बघायचं, आणि तेही दोन बाजूंनी: जास्त झालेलं पाणी आणि न मिळणारं पाणी.

जास्तीचं आधी. सांदण दरी केलेल्यांना अरुंद घळीतून चालायची सवय आहे. पण सह्याद्रीत पाऊस आपल्या डोक्यावर पडत असतो, तो दिसतो, आपण मागे फिरतो. परीयात डोक्यावर लख्ख ऊन असताना पूर येऊ शकतो. कारण हे पाणी दूर वरून, ब्राइस कॅन्यनच्या बाजूच्या डोंगरांतून येतं. तिथे उघडा खडक आणि चिकणमाती. वळवासारखी जोरदार सर आली की पाणी मुरत नाही, सगळं एकदम पात्रात उतरतं आणि काही तासांनी आपल्यापर्यंत पोहोचतं. याच भागात, पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये, 12 ऑगस्ट 1997 ला अशाच लोंढ्यात 11 पर्यटक गेले. वादळ झालं होतं वरच्या अंगाला, काही मैलांवर.

म्हणून जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा काळ मी सरळ वगळते. तिकडचा मॉन्सून तेव्हाच असतो. जूनमध्ये आभाळ कोरडं, पण उष्मा सोसवणारा नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर घ्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघाल तो फक्त पेज गावाचा बघू नका, वरच्या खोऱ्याचा बघा. नदीवर सरकारी मोजमाप केंद्रं आहेत, त्यांचे आकडे ऑनलाइन दिसतात. प्रवाह अचानक चढलेला दिसला तर थांबा. ट्रेलहेडच्या आधी रेंजर लोकांचं केंद्र लागतं, तिथे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांनी नको म्हटलं तर परमिटचे पैसे गेले असं समजायचं आणि दुसरीकडे फिरायला जायचं. हा निर्णय घरी असतानाच गटात बोलून ठेवा. तिथे पोचल्यावर, सुट्ट्या खर्ची पडलेल्या असताना, तो घेणं फार जड जातं.

साधारण चौथ्या मैलानंतर भिंती जवळ येतात. सातव्या मैलाला बकस्किन गल्च ही दुसरी अरुंद घळ येऊन मिळते. हा अरुंद पट्टा सकाळी लवकर, एका दमात पार करा. तंबू नेहमी पात्रापासून उंच ओट्यावर, मागच्या पुराचा काडीकचरा जिथे अडकलेला दिसतो त्याच्याही वर.

आता प्यायचं पाणी. दिवसभर घोट्याएवढ्या पाण्यातून चालता, पण ते पिण्याजोगं नाही. वरच्या गावांतली शेती आणि गुरं यांचं सगळं त्यात उतरतं, शिवाय गाळ इतका की फिल्टर लगेच तुंबतो. म्हणून मुक्काम झऱ्यांवर ठरतात. बिग स्प्रिंग सुमारे 12 व्या मैलाला, शॉवर स्प्रिंग 22 व्या मैलाच्या आसपास, आणि शेवटचा भरवशाचा झरा साधारण 25 व्या. झऱ्याचं पाणीही शुद्ध करूनच प्यायचं. त्या शेवटच्या झऱ्यानंतर कॅन्यन उघडा होत जातो, सावली संपते आणि अजून 13 मैल बाकी असतात. तिथे प्रत्येकाने चार-पाच लिटर भरून घ्या, सॅक कितीही जड होवो. अडचणीत नदीचंच पाणी घ्यावं लागलं तर घडीची बादली आणि तुरटीचा लहान खडा सोबत असू द्या. तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी अलगद काढा आणि मगच फिल्टर लावा. पावसाळ्यात गढूळ पाण्यावर आपल्या घरांत हेच करत आले आहेत.

पायांचं थोडक्यात: चामड्याचे बूट नकोत. पाणी निघून जाईल असे बूट, जाड मोजे आणि काठी. काठी रुतत्या वाळूसाठीही लागते. त्या वाळूत माणूस बुडत नाही, पाय अडकतो; सॅक आधी उतरवा, मग पाय हळूहळू हलवत मोकळा करा. बकस्किनमधून येणार असाल तर गार पाण्याची डबकी लागतात, अंगात हुडहुडी भरते, म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड वॉटरप्रूफ पिशवीत हवाच.

रात्री राहायला दिवसाला फक्त 20 जणांना परमिट मिळतं आणि गट जास्तीत जास्त 10 जणांचा. शेकोटीला बंदी. शौचाची पिशवी भरून परत आणायची असते, आणि हा नियम मला मनापासून पटतो, कारण त्या चिंचोळ्या जागेत पुरायला जागाच नाही. मोबाइलला रेंज नाही, सॅटेलाइट मेसेंजर घ्या; पण उंच भिंतींमध्ये त्यालाही आकाश कमी दिसतं, निरोप जायला वेळ लागतो.

राहिली गाडी. ट्रेक सुरू होतो एका टोकाला आणि संपतो दुसऱ्या, मधे रस्त्याने साधारण दीड तास. एक गाडी आधीच लीज फेरीला ठेवा किंवा शटल ठरवा. शटल ठरवताना एक गोष्ट नक्की विचारा. मार्च ते नोव्हेंबर या काळात युटाची घड्याळं तासभर पुढे जातात, ॲरिझोनाची जात नाहीत. तुम्ही पायी हद्द ओलांडता आणि रेंज नसल्यामुळे फोन जुनीच वेळ दाखवत राहतो. तेव्हा "सकाळी सात" म्हणजे कुठले सात, युटाचे की ॲरिझोनाचे, हे ड्रायव्हरकडून लिहून घ्या.