तंबूतली रात्र तुम्हाला झेपेल का?

नमस्कार, श्रोतेहो.

कॅम्पिंगला जायचं मनात आलं की बहुतेकजण स्वतःला एकच प्रश्न विचारतात, मला निसर्ग आवडतो का? उत्तर अर्थातच ‘हो’ येतं आणि तंबूची खरेदी सुरू होते. माझ्या मते प्रश्नच चुकतो. दिवसभर रानात हिंडायला, झाडाखाली लवंडायला कोणाला नको असतं? त्यासाठी तंबू लागत नाही. तंबू लागतो रात्रीसाठी. तेव्हा विचार करायचा तो रात्रीचा.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची एक बाजू अधिक सावध राहते. त्यातून तंबूची भिंत म्हणजे नुसतं कापड. पाचोळ्यातून उंदीर पळाला तरी कोणीतरी चालत आल्यासारखं वाटतं. म्हणून एकाच रात्रीवरून ‘आपल्याला हे जमणारं नाही’ असं ठरवू नका. निदान दोन रात्रींचा बेत करा. दुसऱ्या रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही, तर मग खुशाल ठरवा.

थंडीचं गणितही वेगळं आहे. स्लीपिंग बॅगेचा अंगाखालचा भाग वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. त्यामुळे वर कितीही पांघरलं तरी खाली चांगली मॅट हवीच. डोंगरावर जाणार असाल तर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हेही लक्षात असू द्या. पहाटे आतून थेंब ओघळू लागले की लोक ‘तंबू गळतोय’ म्हणून चिडतात. बहुतेक वेळा तो आपलाच श्वास असतो, गार कापडावर साचलेला. त्यावर उपाय म्हणजे झरोके उघडे ठेवणं, आणि कुडकुडताना नेमकं तेच नको वाटतं. मात्र ऊब हवी म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. रात्री दोन वाजता लघवीला लागली तर? अंधारात टॉर्च चाचपायचा, सोबत्याच्या पायावर पाय न देता रांगत बाहेर यायचं, दवाने भिजलेल्या चपलांत पाय घालायचे. गुडघे कुरकुरत असतील तर जमिनीवरून उठणं हाच एक कार्यक्रम. सोय नसलेल्या जागी शौचासाठी पाण्यापासून निदान 60 मीटर लांब जाऊन वीतभर खोल खड्डाही आपणच खणायचा. हे ऐकून हसू आलं तर खुशाल निघा. पोटात गोळा आला, तर स्वच्छतागृह असलेली, तयार तंबूंची जागा शोधा. त्यात कमीपणा कसला?

सोबत कोण आहे, यावर मात्र बरंच काही ठरतं. ‘दोन माणसांचा तंबू’ म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली दोन माणसं, सामान बाहेर. आणि दिवसभर पाऊस लागला, तर तेवढ्याच जागेत बसून काढायचा. ओले मोजे आणि अर्धवट झोप यांनी ज्याचा पारा चढतो, त्याच्याबरोबर पहिलीच सहल करू नये, मग तो कितीही जवळचा असो.

अजून ठरत नसेल तर घरच्या फरशीवर मॅट टाकून एक रात्र झोपून बघा. पाठ काय म्हणते ते सकाळी कळेल. पहिल्या खेपेला तंबू उसना किंवा भाड्याने घ्या. विकत घ्यायचाच झाला, तर तो उलगडून वाळत घालायला घरी जागा आहे का ते आधी पाहा. ओला घडी करून ठेवलेला तंबू थोड्याच दिवसांत बुरशी धरतो, आणि तो वास मग काही केल्या जात नाही.