पंचविसाव्या वर्षाचा हिशोब

(दृश्य : टेबलावर उघडलेलं पाकीट. आत एकच कागद. त्यावरून बोट फिरतंय.)

या कागदावर एकच आकडा आहे. आज नोकरी सोडली तर पुढच्या महिन्यापासून किती पेन्शन हातात येईल, तो आकडा.

कागद ज्यांच्या हातात आहे, त्या बाई पंचावन्न वर्षांच्या आहेत. या फिल्मपुरत्या उभ्या केल्या आहेत आम्ही त्यांना, पण त्यांचा प्रश्न खोटा नाही. निवृत्ती साठाव्या वर्षी. अजून पाच वर्षं काढायची. कामातला जीव गेला आहे, सकाळी गुडघे कुरकुरतात आणि "आता पुरे" हे दोन शब्द दिवसातून एकदा तरी मनात येऊन जातात. त्या दोन शब्दांत काही वावगं नाही. प्रश्न एवढाच आहे, परवडेल का?

चलन कुठलंही असो, हिशोब तोच. म्हणून बाईंचा आजचा वर्षाचा पगार आपण १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापात मोजू.

(दृश्य : कोरी वही. पेन्सिलीने आखलेले दोन रकाने.)

त्यांच्या योजनेचा नियम सोपा आहे, आणि अशा योजना जगात खूप आहेत. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे शेवटच्या पगाराचा साठावा हिस्सा. साठीपर्यंत थांबल्या तर तीस वर्षं भरतात, पगारही थोडा वाढून ११० होतो. त्याचे निम्मे, ५५.

आज सोडली तर वर्षं पंचवीस, पगार १००. साधारण ४२. इथवर सगळेच येतात. पण लवकर सुरू केलेली पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते, म्हणून योजना आधीच्या प्रत्येक वर्षामागे काही टक्के कापते. ४ टक्के धरू. पाच वर्षांचे २०. बेचाळीसातून ते गेले की उरतात ३३.

हे आकडे जरा शेजारी ठेवून बघा. पंचावन्न आणि तेहेतीस. नोकरी एक षष्ठांशाने कमी झाली, पेन्शन मात्र चाळीस टक्क्यांनी. कारण इथे एका निर्णयाचे तीन परिणाम एकमेकांशी गुणले जातात: वर्षं कमी, पगार कमी, वर कपात. आणि ही कपात साठी उलटली की भरून निघेल असं अनेकांना मनापासून वाटतं. बहुतेक योजनांमध्ये ती जन्मभराची असते. कार्यालयात जाऊन विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

तरीही बाई खूश आहेत. त्यांच्या अंदाजाने घरखर्च ३२ आहे. तेहेतीस मिळणार, बत्तीस लागणार. एक शिल्लक.

(दृश्य : वहीचं पान उलटतं. बारा महिन्यांची नावं.)

मग त्यांनी मागच्या बारा महिन्यांचा खर्च लिहून काढला. बँकेची नोंद समोर ठेवून, आठवणीतून नव्हे. महिन्याचा खर्च आपल्याला पाठ असतो, वर्षाचा नसतो. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो, म्हणून तो महिन्यात दिसत नाही. छत गळायला दहा वर्षांतून एकदा लागतं, पण गळतंच. यंत्रं थकतात. दात दुखतात. लग्नकार्यं येतात. शिवाय पेन्शनवर कर लागत असेल तर तोही खर्चच. सगळं धरून बेरीज झाली ४०.

बत्तीस आणि चाळीस यांतलं अंतर पाहून मला वाईट वाटत नाही. उलट हा आकडा राजीनाम्याआधी समोर आला, याचा आनंद होतो.

गाठीशी बचत आहे २००, म्हणजे दोन वर्षांचा पगार. तिचं काय करायचं? १९९४ साली विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने जुन्या बाजारभावांचा अभ्यास करून एक मर्यादा सुचवली होती. पहिल्या वर्षी बचतीच्या ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करायची, की पैसा तीस वर्षं तरी पुरतो. बाईंच्या दोनशेचे ४ टक्के म्हणजे ८. तेहेतीस अधिक आठ, एक्केचाळीस. खर्च चाळीस. पुन्हा जमलं!

थांबा. बेंगेनचा नियम अमेरिकेच्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर बेतलेला आहे, आणि तोही तीस वर्षांसाठी. पंचावन्नाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला तीस वर्षं पुरतीलच असं नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. त्या इतिहासात सगळ्यात जास्त हाल कोणाचे झाले? १९२९ च्या महामंदीच्या तोंडावर निवृत्त झालेल्यांचे, असं कुणालाही वाटेल. हाल झाले ते १९६८ च्या आसपास निवृत्त झालेल्यांचे. मंदीत बाजार कोसळला, पण त्याबरोबर वस्तूंचे भावही उतरले होते. १९६८ नंतर मात्र महागाई चढत गेली. १९८२ पर्यंत अमेरिकेतले भाव पावणेतीन पट झाले. बाजार पडतो तेव्हा बातमी होते. महागाई रोज थोडी थोडी खाते, तिची बातमी होत नाही.

(दृश्य : त्याच कागदावरचा तोच आकडा. हळूहळू शाई फिकी होत जाते.)

एक जुना आडाखा आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागा, म्हणजे पैशाची किंमत निम्मी व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. ६ टक्के महागाई असेल तर बारा वर्षं. ज्या पेन्शनमध्ये वाढच नाही, ती बारा वर्षांनी निम्मी आणि चोवीस वर्षांनी पाव राहते. आकडा तोच, हयातीचा दाखला तोच, पैसे तेवढेच. फक्त त्यात येतं पावपट.

बाईंची पेन्शन वाढते, पण महागाईपेक्षा २ टक्क्यांनी कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पंचविसाव्या वर्षी, म्हणजे त्या एकोणऐंशीच्या होतील तेव्हा, त्या तेहेतीसची किंमत आजच्या मापाने २१ उरते. बचतीतले आठ मिळवले तरी एकोणतीस. खर्च चाळीस. अकरा कमी, आणि तेही अशा वयात जेव्हा पुन्हा कामाला लागता येत नाही.

म्हणून आम्ही या फिल्मचं नाव असं ठेवलं. पाकिटातून येतो तो पहिल्या महिन्याचा आकडा. निर्णय घ्यायचा असतो पंचविसाव्या वर्षाच्या आकड्यावर, आणि तो कुणी छापून देत नाही. तो आपला आपणच काढायचा असतो.

(दृश्य : जुन्या छापील तक्त्याचं पान. वयं आणि समोर माणसांची संख्या.)

पण तेवढं जगणार कशावरून? हा प्रश्न जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा आहे. १६७१ मध्ये हॉलंडचा राज्यकर्ता यान डी विट याने आजन्म मिळणाऱ्या वर्षासनाची, म्हणजे दरवर्षी ठरावीक मिळणाऱ्या रकमेची, किंमत काढण्याचा प्रयत्न केला. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने, हो, धूमकेतूवाल्या हॅलीनेच, ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून तक्ता मांडला: अमुक वयाच्या माणसांपैकी किती जण पुढच्या वर्षी हयात असतील. आज आपल्या पेन्शनमधून जे टक्के कापले जातात, त्यांच्या मुळाशी असेच तक्ते आहेत.

तक्ता हजारांचं बरोबर सांगतो. एकाचं सांगत नाही. १९६५ साली फ्रान्समधल्या आर्ल गावात आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे नावाच्या वकिलाने नव्वद वर्षांच्या एका बाईंशी करार केला. त्याने त्यांना हयात असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे, आणि त्यांच्या पश्चात घर त्याचं. त्या बाई होत्या जान कॅल्माँ. राफ्रे १९९५ मध्ये गेला, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे भरून. त्याच्या घरच्यांनी पुढे हप्ते चालू ठेवले. बाई १९९७ मध्ये गेल्या, १२२ व्या वर्षी.

एवढं आयुष्य कुणी गृहीत धरू नये. पण राफ्रेने जी चूक केली, तीच आपण स्वतःच्या बाबतीत करतो. मनात एक वय धरतो, आणि ते बहुधा आईवडिलांचं असतं.

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेत, पूर्ण पेन्शनचं वय ६७ असलेला माणूस ६२ व्या वर्षीच पेन्शन घेऊ लागला, तर त्याला ३० टक्के कमी मिळते. शंभराऐवजी सत्तर. थांबणाऱ्याला ही पिछाडी भरून काढायला वयाची ७८ वर्षं आणि ८ महिने लागतात. त्याआधी गेलात तर लवकर घेणं फायद्याचं, पुढे जगलात तर थांबणं. लोक या वयावर पैज लावल्यासारखे बोलतात, ते मला पटत नाही. लवकर मृत्यू आला तर पैसे कमी पडल्याचं दुःख कुणाला होत नाही. उशिरा आला तर होतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत. ज्याला आजाराने थोडीच वर्षं उरली आहेत, त्याने मात्र या तक्त्यांकडे पाहू नये आणि मिळेल तेवढी पेन्शन घेऊन घरच्यांजवळ जावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

(दृश्य : टेबलाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची. तिथे चष्मा ठेवलेला.)

या खुर्चीवर बाईंचे यजमान बसतात. त्यांना पेन्शन नाही. बाई आधी गेल्या तर त्यांना निम्मी मिळेल. खर्च निम्मा होईल का? कुटुंबाचा खर्च मोजताना अर्थतज्ज्ञ घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसाला बऱ्याचदा अर्धं धरतात. म्हणजे दोघांतला एक गेला तर खर्च एक तृतीयांशाने कमी होतो, अर्ध्याने नाही. छत तेवढंच असतं, दिवाही तेवढाच लागतो. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचा मोह होतो, तेव्हा या खुर्चीकडे एकदा पाहावं. कर्ज फेडायला विकली तर एक वेळ समजतं. घर सजवायला विकू नये.

(दृश्य : वही. आता तीन रकाने : पंचावन्न, सत्तावन्न, साठ.)

बाईंनी शेवटी मधला रकाना भरला. सत्तावन्नाव्या वर्षी नोकरी सत्तावीस वर्षं, पगार १०४, कपात १२ टक्के. पेन्शन ४१. दोनच वर्षांनी तेहेतीसचे एक्केचाळीस!

मग तीस वर्षांची तूट बेरजेने काढली, आजच्या मापात. पंचावन्नाव्या वर्षी सोडली तर तीस वर्षांत एकूण ४४० कमी पडतात, हाती बचत २००. सत्तावन्नाव्या वर्षी सोडली तर तूट २६०. कर जाऊन त्या दोन वर्षांत दरसाल तीस बाजूला पडले, तर बचतही २६०. ती महागाईच्या बरोबरीने वाढत राहिली तरी भागतं. काठावर, पण भागतं. पहिली काही वर्षं तर तिला फारसा हातही लावावा लागत नाही.

यजमान म्हणाले, "मग साठच का नको? पंचावन्न मिळतात."

बाई म्हणाल्या, "पंचावन्नाचं करू काय? मला चाळीस लागतात. आणि गुडघे माझे आहेत."

हे वाक्य मी कापणार नाही. पेन्शन जितकी जास्त तितकं बरं, असं नसतं. पुरेल एवढी झाली की पुढचं प्रत्येक वर्ष आपण आयुष्यातून विकत असतो.

पण ते चाळीस खरंच पुरतात का, हे अजून कुणी जगून पाहिलेलं नाही. म्हणून बाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी मी प्रत्येकाला करायला सांगेन. पगार चालू असतानाच पेन्शनच्या आकड्यावर राहायचं. पूर्ण एक वर्ष, म्हणजे वर्षातून एकदा येणारा खर्चही त्यात येतो.

(दृश्य : महिन्याचा पहिला दिवस. पगार जमा होतो. बाई चाळिसाचा बारावा हिस्सा एका खात्यात ठेवतात, बाकीचा दुसऱ्यात वळवतात. पाकिटातला कागद वहीत ठेवून वही मिटतात. यजमान चष्मा डोळ्यांवर चढवून विचारतात, "विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात येतो गं?")