रात्र काळी का असते?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री अंधार का पडतो, असे एखाद्या लहान मुलाने विचारले, तर ‘सूर्य मावळतो म्हणून’ असे सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर खोटे नाही, पण ते पृथ्वीपुरतेच आहे. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना आकाशात सूर्य तळपत असतानाही भोवतीचे आकाश काळेभोरच दिसले, कारण सूर्यप्रकाश चहूकडे विखुरणारी हवा तिथे नाही. म्हणजे आपले दिवसाचे निळे आकाश हा केवळ हवेचा पडदा आहे आणि त्यापलीकडचा काळोख रात्रंदिवस तसाच असतो. मग प्रश्न उरतो तो असा, की इतके तारे असूनही तो काळोख का?

हा प्रश्न आज हाइनरिख ओल्बर्स यांच्या नावाने ओळखला जातो. जर्मनीतील ब्रेमेन शहरात ते दिवसा रुग्ण तपासत आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून दुर्बिणीने आकाश पाहत. त्यांनी १८२३ मध्ये हा प्रश्न मांडला. मात्र त्यांच्या दोनशे वर्षे आधी ग्रहगतीचे नियम शोधणारे खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनाही तो पडला होता. वाढलेल्या उसाच्या मोठ्या फडात मधोमध उभे राहिले, की जिकडे पाहावे तिकडे नजर कुठल्या ना कुठल्या उसावर जाऊन अडते आणि पलीकडचे काही दिसत नाही. विश्व अमर्याद असेल आणि त्यात सर्वत्र तारे असतील, तर आपली नजरही प्रत्येक दिशेला शेवटी एखाद्या ताऱ्यावर टेकायला हवी. तारा दुप्पट दूर असेल तर त्याचा प्रकाश चौपट कमी पोहोचतो हे खरे, पण दुप्पट अंतरावर तेवढ्याच जाडीच्या थरात तारेही चौपट मावतात, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. मग सारे आकाश सूर्याच्या बिंबाइतके प्रखर दिसायला हवे. आपल्या डोक्यावरच्या अर्ध्या आकाशात सूर्याची सुमारे ९० हजार बिंबे मावतील. तेवढ्या उन्हात पृथ्वीवर काहीच टिकले नसते.

दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश वाटेतले धूलिकण शोषून घेत असावेत, असे ओल्बर्स यांना वाटले. पण सतत प्रकाश शोषणारी धूळही तापते आणि अखेर स्वतःच प्रकाशू लागते. हे उत्तर इतके सोपे होते, की त्यातली चूक लक्षात यायला वेळ लागला.

खरे उत्तर काळाशी निगडित आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे आणि प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर या ठरावीक वेगानेच धावतो, त्यामुळे फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नाही. आपला फड लहान आहे आणि नजर त्याच्या बांधापलीकडे जाते. शिवाय तारे कायमचे जळत नाहीत. साऱ्या आकाशात प्रकाश भरून टाकायला जेवढा काळ लागला असता, त्याच्यापुढे ताऱ्याचे आयुष्य नगण्य आहे. रात्रीचा काळोख पाहताना आपण एका अर्थाने ताऱ्यांची मर्त्यताच पाहत असतो.

तारा मरतो तो इंधन संपल्यामुळे. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातल्या ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा होते. ही ऊर्जा बाहेर रेटा देते, गुरुत्वाकर्षण आत ओढते आणि या दोहोंच्या तोलावर सूर्य उभा आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर अवकाशात विखुरतील आणि मागे पृथ्वीएवढा, पण अतिशय घन असा श्वेत बटू उरेल. जानेवारीच्या रात्री व्याधाचा तेजस्वी तारा आपण सहज ओळखतो. त्याच्या शेजारी असाच एक श्वेत बटू आहे, मात्र साध्या डोळ्यांना तो दिसत नाही.

श्वेत बटूच्या वजनाला मर्यादा असते, हे १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या १९ वर्षांच्या तरुणाने त्या प्रवासातच गणिताने ताडले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्यासारख्या दिग्गजाने १९३५ मध्ये भर सभेत या विचाराची खिल्ली उडवली. चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये.

फार जड ताऱ्यांचा अंत निराळा असतो. त्यांच्या गाभ्यात एकामागून एक जड मूलद्रव्ये तयार होत लोखंडापर्यंत मजल जाते आणि तिथे गाडी अडते, कारण लोखंडाच्या संमीलनातून, म्हणजे त्याची अणुकेंद्रके एकत्र जोडण्यातून, ऊर्जा मिळत नाही. मग गाभा एका सेकंदाहून कमी वेळात कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटात फेकले जातात. वृषभ राशीतला असा एक स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवला होता. तो तारा काही आठवडे भर दिवसाही दिसत होता आणि आज त्याच्या जागी सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेला अतिघन गाभा, आहे. गाभा याहूनही जड असेल तर त्याचे कृष्णविवर होते. मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबूस तारा अशाच स्फोटाच्या वाटेवर आहे. उद्या किंवा लाखभर वर्षांत केव्हाही तो फुटेल.

उलट, सूर्याहून बऱ्याच लहान असलेल्या तांबड्या बटू ताऱ्यांचे इंधन इतके सावकाश जळते, की त्यांच्यापैकी एकही अजून म्हातारपणाने मेलेला नाही. विश्वाचे वयच त्याला पुरे पडलेले नाही. श्वेत बटूही निवून पार काळा पडायला याहून कितीतरी अधिक काळ लागतो, म्हणून पूर्ण थंड झालेला श्वेत बटू आज विश्वात कुठेही सापडणार नाही.