शेअर, बोनस आणि अमळनेर

(बोरी नदी, पलीकडे अमळनेर)

साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण अमळनेरची आणखी एक ओळख आहे. इथे कापसाच्या भावाबरोबर शेअरचा भावही निघतो. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी या गावात वनस्पती तुपाची कंपनी काढली. तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कित्येकांनी तिचे शेअर घेतले, आणि काही घरांत ते वडिलोपार्जित जमिनीसारखे पुढच्या पिढीकडे आले.

(नांगरट चाललेलं शेत)

'शेअर'चं मूळ कापण्यात आहे. जुन्या इंग्रजीत तो कापून वेगळा केलेला भाग. म्हणजे आपला वाटा. नांगराच्या फाळाला इंग्रजीत 'प्लाउशेअर' म्हणतात, तोही याच कुळातला. फाळ जमीन कापतो ना! 'डिव्हिडंड', म्हणजे कंपनीच्या नफ्यातला शेअरधारकाचा वाटा, लॅटिनमधून आला: जे वाटायचं आहे ते.

'बोनस'ची मात्र गंमत आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'चांगला'. 'चांगली वस्तू' म्हणायची तर 'बोनम' हवं. लंडनच्या शेअरबाजारातल्या मंडळींनी बहुधा थट्टेत अर्धंमुर्धं लॅटिन फेकलं आणि तेच रुळलं. बोनस शेअर, म्हणजे जुन्या शेअरांवर फुकट मिळणारे जादा शेअर, घरी आले तेव्हा अमळनेरकरांनीही व्याकरण तपासलं नसावं.

(बैलबाजार)

'कॅपिटल' निघाला लॅटिनमधल्या 'डोकं' या शब्दावरून. जे मुख्य, ते भांडवल. तोच शब्द फ्रेंचमधून फिरून आला आणि 'कॅटल' झाला, म्हणजे गुरंढोरं. अडीनडीला दावणीची जोडी बाजारात आणणाऱ्याला हे नातं समजावून सांगायला नको.

(सातबारा उतारा)

सगळ्यांत जड शब्द 'मॉर्गेज', म्हणजे गहाण. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो 'मेलेलं तारण'. १६२८ मध्ये इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याची फोड केली: कर्ज फिटलं नाही, तर जमीन कर्जदाराला मेली, फिटलं, तर तारण धनकोला मेलं.

आपला शेतकरी एवढं अभद्र बोलत नाही. तो म्हणतो, सातबाऱ्यावर बोजा चढला. तो उतरवायचा तर आधी कर्ज फेडा, मग बँकेचा बेबाकी दाखला घ्या, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफाराची वाट बघा. तोवर पुढच्या पेरणीसाठी नवं कर्ज काढायची वेळ आलेली असते.