बारावीचे फोटो: विषय कसा ठरवावा, आखणी कशी करावी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत यंदा मुलगा किंवा मुलगी अकरावी संपवून हायस्कूलच्या शेवटच्या, म्हणजे 'सिनियर' वर्षात जाते आहे, त्या घरांत जून महिन्यापासूनच एक विषय निघू लागतो: सिनियर फोटो कधी काढायचे आणि कसले काढायचे? आईवडिलांच्या शाळेच्या आठवणींत पुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि मागे बाकांवर मुले असा वर्गाचा एकच फोटो असतो. त्यामुळे एकाच मुलासाठी अख्खी संध्याकाळ, दोन-तीन पोशाख आणि छायाचित्रकाराचे मानधन हा खटाटोप त्यांना प्रथम चैनीचा वाटतो. मी न्यू जर्सीत हेच काम करते, तेव्हा माझे मत थोडे पक्षपाती समजावे. पण ही प्रथा आजच्या समाजमाध्यमांनी जन्माला घातलेली नाही, एवढे निश्चित सांगता येईल.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजपोर्ट येथील छायाचित्रकार जॉर्ज वॉरन हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड आणि आसपासच्या महाविद्यालयांतील पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्यांची एकेकट्याची छायाचित्रे काढीत असत. काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्यामुळे विद्यार्थी त्या विकत घेत, एकमेकांना देत आणि शेवटी चामडी बांधणीच्या अल्बममध्ये लावून ठेवीत. पुढे छपाई स्वस्त झाली, अल्बमची जागा इयरबुकने, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या शाळेच्या छापील आठवणींच्या पुस्तकाने, घेतली आणि ही पद्धत हायस्कूलपर्यंत पोहोचली.

आखणीच्या आरंभीच एक गोष्ट वेगळी काढून ठेवावी. इयरबुकातला औपचारिक फोटो आणि स्वतःच्या आवडीचे, एखाद्या विषयाभोवती रचलेले फोटो ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पुष्कळ शाळांनी पहिल्या कामासाठी एक स्टुडिओ नेमलेला असतो. तिथे मुलींना खांद्यांवरून घ्यायचे काळे वस्त्र आणि मुलांना टक्सिडो हा औपचारिक काळा कोट स्टुडिओच पुरवतो, पार्श्वभूमी एकसारखी असते आणि फोटो देण्याची मुदत बहुधा शरद ऋतूतच संपते. काही शाळा बाहेरच्या छायाचित्रकाराचा फोटोही स्वीकारतात, पण त्यांचे नियम आधी वाचावेत. ऱ्होड आयलंडमधील पोर्ट्समथच्या हायस्कूलात 2006 साली, मध्ययुगीन जीवनाचा छंद असलेल्या एका विद्यार्थ्याने साखळ्यांचे चिलखत घालून, खांद्यावर तलवार घेऊन काढलेला फोटो दिला. शस्त्रांविषयीच्या नियमाकडे बोट दाखवून शाळेने तो नाकारला, प्रकरण कायद्याच्या वाटेने गेले आणि जानेवारी 2007 मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय मिळाला हे चांगलेच झाले. तरी ज्या वर्षी विद्यापीठांचे अर्ज भरायचे असतात, त्या वर्षी फोटोपायी एवढी लढाई कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आता विषयाकडे येऊ. मुलांना विचारले की ती प्रथम फोनवर पाहिलेली चित्रे दाखवतात: सूर्यफुलांचे शेत, हातात फुगे, जुन्या मोटारीला टेकून उभे राहणे. ही चित्रे वाईट नसतात, पण ती दुसऱ्या कोणाची असतात. म्हणून मी विषय विचारतच नाही. शाळा सुटल्यावर तुझे हात कशात गुंतलेले असतात, एवढेच विचारते. उत्तर येते: रोबोचे सुटे भाग, तबला, क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे माळरानातून धावण्याच्या शर्यतीचे, चिखललेले बूट, आजीच्या पद्धतीने केलेली पोळी. ज्या वस्तूला हात रोज लागतो, ती हातात दिली की मुलाला 'आता हात कुठे ठेवू' हा प्रश्न पडत नाही, आणि अवघडलेपणाचा निम्मा भाग तिथेच संपतो. भाड्याने आणलेली गिटार मात्र कॅमेऱ्याला लगेच कळते.

एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगते. समजा, मुलीला बेकिंगची आवड आहे. पांढरा ॲप्रन, हातात केक आणि हसरा चेहरा ही रचना कोणालाही सुचेल. त्याऐवजी तिच्याच स्वयंपाकघरात सायंकाळी पडदे ओढून घ्यावेत, मागे गडद कापड लावावे, एक दिवा तिच्या पाठीमागे एका बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा ठेवावा आणि तिला पिठाने माखलेले तळहात एकमेकांवर झटकायला सांगावे. पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात पिठाचा कण न् कण उजळतो. समोरून प्रकाश टाकला तर तेच पीठ नुसते धुरकट दिसते. कण गोठवायचे असतील तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाजवळ ठेवावा, आणि चेहरा अंधारात जाऊ नये म्हणून समोर एक पांढरा पुठ्ठा धरावा. गॅसच्या शेगड्या पूर्ण बंद असाव्यात, कारण हवेत उडालेले पीठ पेट घेऊ शकते. तिचे खरे लाटणे, कडा झिजलेली तिची परात आणि डाग पडलेली पाककृतींची वही एवढ्या वस्तू पुरेत. चौथी वस्तू आणली की चित्र दुकानाच्या जाहिरातीसारखे होऊ लागते.

काही वेळा विषय आणि स्थळ एकमेकांशी भांडतात. खगोलशास्त्राची आवड असलेल्या मुलासाठी पेनसिल्व्हेनियातील चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्क हे नाव लगेच पुढे येते, कारण अंधाऱ्या आकाशासाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु तिथल्या निरीक्षणाच्या मैदानावर केवळ लाल दिव्याला परवानगी असते. चेहऱ्यावर पांढरा फ्लॅश मारला तर रात्रभर दुर्बीण लावून बसलेल्यांचा आपण विरस करतो. अशा वेळी दुसरी अंधारी जागा शोधावी आणि अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. आकाशगंगेसाठी शटर पंधरा-वीस सेकंद उघडे राहते, तेवढा वेळ मुलाला निश्चल उभे राहायचे आहे याचा सराव आधी घरी करून घ्यावा.

तीन ठिकाणी मात्र मी स्पष्ट नकार देते. पहिले म्हणजे रेल्वेचे रूळ. दूर जात एक होणाऱ्या दोन रेषा चित्रात सुंदर दिसतात हे खरे, पण परवानगीशिवाय तिथे जाणे बेकायदा आहे आणि वेगातील मालगाडीला थांबायला मैलभराहून अधिक अंतर लागू शकते. दुसरे म्हणजे कोरड्या गवतात रंगीत धुराची नळकांडी. कॅलिफोर्नियात सप्टेंबर 2020 मध्ये, होणारे बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याच्या एका समारंभात वापरलेल्या धुराच्या साधनामुळे एल डोरॅडोचा वणवा पेटला; बावीस हजारांहून अधिक एकर जळाले आणि एका अग्निशामकाचा जीव गेला. तिसरे म्हणजे रानफुलांचे ताटवे. कॅलिफोर्नियातल्याच लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये 2019 च्या वसंतात फोटोंसाठी इतकी गर्दी लोटली की वाट बंद करावी लागली, आणि 2023 मध्ये तर ती आधीच बंद ठेवली गेली.

वेळेचा हिशेब न्यू जर्सीपुरता सांगते. जूनअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नसते. पानांचे रंग हवे असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम, पण तेव्हा सूर्यास्त सहाच्या आसपास येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि पावणेपाचलाच अंधारू लागते. शाळा सुटून, कपडे बदलून, गाडीने ठरलेल्या जागी पोहोचेपर्यंत हाती अर्धा-पाऊण तास उरतो. त्यात नेसायला वेळ लागणारी नऊवारी बसत नाही, म्हणून नेसायचीच असेल तर ती पहिली, घरूनच नेसून यावे. नऊवारीचा आग्रह आईचा असतो आणि मुलीचे तोंड पडलेले असते, असेही घडते. तेव्हा मी आईला नम्रपणे मोटारीत बसायला सांगते. बहुतेक मुली मग स्वतःहूनच पदर सावरतात.

पैसे देण्यापूर्वी करार वाचावा. फोटो काढण्याचे मानधन आणि छापील प्रतींचे दर पुष्कळदा वेगळे असतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार, लेखी वेगळे ठरले नसेल तर छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहतो. म्हणून डिजिटल प्रती कशासाठी वापरता येतील हे लिहून घ्यावे. मूल अठराच्या आत असेल तर त्याचे फोटो जाहिरातीत वापरू द्यायचे की नाही, हे पालकांनी सही करतानाच ठरवावे.

शेवटी छपाईविषयी. कॅमेऱ्याची चौकट दोनास तीन या प्रमाणाची असते, तर पुण्यात-कोल्हापुरात आजी-आजोबांच्या भिंतीवर जाणारी प्रत बहुधा आठ बाय दहा इंचाची. आठ इंच रुंदीला मूळ चौकट बारा इंच लांब होते, त्यातले दोन इंच या मापात कापले जातात. म्हणून नाचणाऱ्या मुलीची बोटे किंवा उंच उडवलेली पदवीची टोपी चौकटीच्या कडेला टेकू देऊ नये, भोवती मोकळी जागा सोडायला छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवावे. नमस्कार.